हिंगणघाटची कबर, हिमालय आणि ५ सेकंदांचा घोळ: गणित आणि फिजिक्सचं नातं नेमकं काय आहे?

नागपूरहून हैदराबादच्या दिशेने एनएच ४४ ने निघालात, की बुटीबोरी आणि जाम मागे टाकल्यावर हिंगणघाट लागतं. वेणा नदीच्या काठावरचं, वर्धा जिल्ह्यातलं कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं शहर. या शहरात एका इंग्रज माणसाची कबर आहे. नाव विल्यम लॅम्ब्टन. हैदराबादहून नागपूरला जाताना, वयाच्या सत्तरीच्या आसपास, २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा इथेच मृत्यू झाला.

लॅम्ब्टन यांचं नाव आज फार कमी जणांना माहीत आहे. त्यांच्या असिस्टंटचं नाव मात्र शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तो असिस्टंट म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट.

आता तुम्ही म्हणाल, हेडिंगमध्ये गणित आणि फिजिक्स लिहिलंय, मग ही कबर मध्येच कुठून आली?

कारण सोपं आहे. 'हे त्रिकोणमितीचं गणित आयुष्यात कुठे वापरायचंय?' हा प्रश्न आपण सगळ्यांनी शाळेत विचारलाय. लॅम्ब्टन यांनी आयुष्याची शेवटची २० वर्षं त्याच त्रिकोणमितीत घालवली. त्यातून जे काम उभं राहिलं, त्यात पुढे एक छोटीशी चूक सापडली. ती चूक नव्हतीच. हिमालयाच्या पोटात काय दडलंय, याचा तो पहिला पुरावा होता.

नीट समजून घेऊ.

आधी भांडण न्यूटनचं

१६७२ साली जाँ रिशे नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेले. हे ठिकाण विषुववृत्ताजवळ आहे. पॅरिसमध्ये अचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक हळू हलतोय याचा अर्थ तिथे गुरुत्वाकर्षणाचा जोर किंचित कमी आहे.

पण का?

१६८७ साली न्यूटनने उत्तर दिलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी दबलेली असणार. नुसतं 'असणार' म्हणून तो थांबला नाही. त्याने आकडा काढला. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २३० मध्ये १ भाग इतकी जास्त असेल.

फ्रान्समधल्या कासिनी घराण्याच्या मोजणीतून मात्र उलटं निघत होतं. त्यांच्या मते पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने लांबट होती. मग १७३० च्या दशकात फ्रान्सने दोन मोहिमा पाठवल्या. एक विषुववृत्ताजवळ, त्या काळच्या पेरूमध्ये, आणि दुसरी उत्तर ध्रुवाच्या बाजूला लॅपलंडमध्ये. उत्तर आलं, पृथ्वी दबलेलीच आहे. न्यूटन जिंकला.

पण पूर्ण नाही. आजचा आकडा २३० मध्ये १ नसून साधारण २९८ मध्ये १ आहे. म्हणजे विषुववृत्ताची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त. मग न्यूटनचं गणित चुकलं का? नाही. त्याने गणितासाठी पृथ्वी आतून सगळीकडे सारख्याच घनतेची धरली होती. खरी पृथ्वी मध्यभागी जास्त जड आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे. गणित बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं. अशा वेळी बहुतेकदा आपण जे धरून चाललोय, ते चुकलेलं असतं.

एक बाजू, दोन कोन

पृथ्वी किती दबलेली आहे हे कसं मोजायचं? आयडिया अशी आहे. उत्तर-दक्षिण रेषेवर अक्षांशाचा १ अंश पार करायला किती किलोमीटर जावं लागतं ते मोजा. पृथ्वी परफेक्ट गोल असेल, तर हे अंतर सगळीकडे सारखं येईल. पण ध्रुवांपाशी पृथ्वी चपटी आहे, म्हणजे तिची वक्रता तिथे कमी आहे. त्यामुळे तिथे १ अंश पार करायला जास्त चालावं लागतं. विषुववृत्तापाशी हे अंतर सुमारे ११०.६ किलोमीटर आहे आणि ध्रुवांपाशी १११.७. आपल्या वर्धा जिल्ह्याच्या अक्षांशावर ते साधारण ११०.७ येतं.

फरक एवढासा आहे. तो पकडायचा तर मोजणी भयंकर अचूक हवी. शिवाय जंगलं, नद्या आणि डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटर साखळी टाकत जाणं अशक्य. इथे शाळेतली त्रिकोणमिती कामाला येते.

समजा सपाट मैदानावर तुम्ही १० किलोमीटरची एक सरळ रेषा नीट मोजली. रेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे पाहिलं आणि कोन मोजले. एक ६० अंश, दुसरा ७०. म्हणजे तिसरा कोन ५० अंशांचा. आता साइनचा नियम लावला, की ६० अंशांच्या कोनासमोरची बाजू सुमारे ११.३ किलोमीटर निघते. टेकडीपर्यंत जायचीही गरज नाही. मग हीच बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. त्रिकोणाला त्रिकोण जोडत अख्खा देश मोजता येतो.

लॅम्ब्टन यांनी हेच केलं. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात त्यांनी पहिली पायाभूत रेषा मोजायला घेतली. सुमारे १२ किलोमीटरची रेषा मोजायला ५७ दिवस लागले! तिथून त्रिकोणांची साखळी आधी दक्षिणेला आणि मग उत्तरेला वऱ्हाडाच्या दिशेने सरकत गेली. १८१८ मध्ये या कामाला नाव मिळालं, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. एव्हरेस्ट त्याच वर्षी असिस्टंट म्हणून आले.

हे काम ईस्ट इंडिया कंपनीने फक्त विज्ञानाच्या प्रेमापोटी केलं नव्हतं. टिपू सुलतानाचा १७९९ मध्ये पाडाव झाल्यावर हाती आलेल्या मुलखाचा नकाशा हवा होता. सैन्य न्यायला आणि महसूल गोळा करायलाही नकाशा लागतोच. शिवाय अवजड यंत्रं डोंगरावर चढवणारे, झेंडे धरून उभे राहणारे आणि जंगलात तापाने मरणारे बहुतेक जण इथलेच खलाशी होते. त्यांच्या कबरी शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

त्रिकोण कागदावरचा नाही

शाळेच्या वहीत त्रिकोण काढला, की काम संपतं. मैदानात निसर्ग मध्ये येतो.

साखळी उन्हात वाढते. लॅम्ब्टन यांच्याकडे १०० फुटी पोलादी साखळी होती. चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवलेली आणि तिथून परत आलेली! पोलाद तापलं की प्रसरण पावतं. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं, तर १०० फुटांमागे साधारण साडेतीन मिलिमीटर वाढ. १२ किलोमीटरच्या रेषेवर हा फरक जवळजवळ १.४ मीटर होतो. म्हणून साखळी तंबूच्या सावलीत ठेवायची आणि थर्मामीटर पाहून प्रत्येक मापात दुरुस्ती करायची.

प्रकाश वाकतो. जमिनीजवळची हवा तापलेली असते, त्यामुळे दूरची खूण असते तिथे दिसत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी चमकल्यासारखं दिसतं ना, त्यामागेही हेच कारण. पुढे एव्हरेस्ट यांनी रात्री दिवे लावून निरीक्षणं घेण्यावर भर दिला.

त्रिकोणाचे कोन १८० पेक्षा जास्त भरतात. हो, बरोबर वाचलंत. पृथ्वी वक्र असल्याने तिच्यावरच्या मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त येते. प्रत्येक बाजू ५० किलोमीटरची असेल, तर साधारण साडेपाच सेकंद जास्त. (हा घड्याळातला सेकंद नव्हे. १ अंशाचे ३,६०० समान भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे कोनाचा १ सेकंद.)

म्हणजे पुस्तकातला नियम तसाच उचलून चालत नाही. कुठला नियम कुठे लागू होतो, हे जमीन ठरवते.

कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आपटलं आणि त्याची मोजपट्टी वाकली. लॅम्ब्टन यांनी ते स्वतः दुरुस्त केलं आणि पुन्हा कामाला लागले. असं करत करत ते १८२३ मध्ये हिंगणघाटला पोचले आणि तिथेच त्यांचं काम थांबलं.

५.२३६ सेकंद

एव्हरेस्ट यांनी ही साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. एकूण लांबी सुमारे २,४०० किलोमीटर. इथे खरी गोष्ट सुरू होते.

मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळचं कालियाना, या दोन ठिकाणांच्या अक्षांशांमधला फरक दोन पद्धतींनी काढला गेला. मधलं अंतर सुमारे ६०० किलोमीटर.

पहिली पद्धत त्रिकोणांची. तिचं उत्तर आलं ५ अंश २३ मिनिटं ४२.२९४ सेकंद.

दुसरी पद्धत ताऱ्यांची. ओळंबा सोडायचा, त्यावरून 'सरळ वर' म्हणजे कुठे ते ठरवायचं आणि तारा त्यापासून किती कललेला आहे ते मोजायचं. तिचं उत्तर आलं ५ अंश २३ मिनिटं ३७.०५८ सेकंद.

फरक ५.२३६ सेकंदांचा. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर होतं. ६०० किलोमीटरमध्ये १६० मीटर, म्हणजे किलोमीटरमागे फक्त २७ सेंटीमीटर. आपण असतो तर म्हणालो असतो, 'जाऊ दे ना, एवढं चालतं.' एव्हरेस्ट यांनीही हा फरक मोजणीतली चूक धरला आणि सगळ्या साखळीवर वाटून टाकला.

पण इतक्या काळजीने केलेल्या मोजणीत एवढी चूक राहीलच कशी, हा प्रश्न शिल्लक होता. तो जॉन हेन्री प्रॅट यांच्यापाशी आला. प्रॅट होते कलकत्त्याच्या चर्चमधले मोठे धर्माधिकारी. पण त्याआधी ते केंब्रिजमध्ये गणिताचे रँग्लर झाले होते. (हा शब्द आपल्याकडे रँग्लर परांजप्यांमुळे ओळखीचा आहे.)

प्रॅट यांना वाटलं, चूक त्रिकोणांत नसेल, ओळंब्यात असेल. ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे लोंबतो असं आपण धरतो. पण न्यूटनच्या नियमानुसार प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. शेजारी हिमालयाएवढा डोंगर असेल, तर तो ओळंब्याला आपल्याकडे ओढणारच. ५.२३६ सेकंदांचा कल म्हणजे १ मीटरच्या ओळंब्याचं टोक ०.०२५ मिलिमीटर सरकणं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी!

मग प्रॅट यांनी हिमालय आणि तिबेटचं पठार यांच्या वस्तुमानाचा हिशोब मांडून दोन ठिकाणच्या ओढीतला फरक काढला. उत्तर आलं १५.८८५ सेकंद.

आता घोळ आणखी वाढला. आधी प्रश्न होता, ५ सेकंदांचा फरक आला कसा? आता प्रश्न झाला, फरक फक्त ५ सेकंदांचाच का? १५ सेकंदांचा का नाही? हिमालय जेवढं ओढायला हवं, त्याच्या एक तृतीयांशच ओढत होता.

डोंगराला मुळं असतात

आठवतंय, न्यूटनच्या बाबतीत काय झालं होतं? गणित बरोबर, धरलेली गोष्ट चूक. इथेही तेच.

१८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं. पाण्यात ओंडके तरंगतात तसं डोकं चालवा. जो ओंडका पाण्याच्या वर जास्त उंच दिसतो, तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. पृथ्वीचं कवच तसंच खालच्या जड थरावर तरंगतंय. हिमालय वर जेवढा दिसतो, त्याहून कितीतरी जास्त खाली रुतलेला आहे. ही 'मुळं' आजूबाजूच्या जड थरापेक्षा हलक्या खडकाची आहेत. म्हणजे वर वस्तुमान जास्त, खाली कमी. म्हणून एकूण ओढ कमी भरते.

प्रॅट यांनी पुढे वेगळं स्पष्टीकरण दिलं. त्यांच्या मते डोंगराखालचा सगळा स्तंभच कमी घनतेचा असतो. तपशिलात दोघांचं पटत नव्हतं, पण दोघांचाही मुद्दा एकच होता. भूकवच समतोल साधून तरंगतं. या कल्पनेला नंतर आयसोस्टसी असं नाव पडलं. विसाव्या शतकात भूकंपाच्या लहरींवरून कवचाची जाडी मोजता यायला लागली. खंडांचं कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं, हिमालय-तिबेटखाली ते सुमारे ७० किलोमीटरपर्यंत जातं. मुळं खरंच आहेत.

विचार करा. कुणीही एक खड्डासुद्धा खणला नव्हता. त्रिकोण, तारे, एक दोरा आणि कागदावरचा हिशोब, एवढ्यावर हिमालयाखाली काय आहे याचा अंदाज आला.

उलटी वाट: मोजणीतून गणित, गणितातून तुमचा फोन

आतापर्यंत आपण गणिताने फिजिक्सला केलेली मदत पाहिली. पण रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो.

लॅम्ब्टन हिंगणघाटला पोचले त्याच सुमारास, १८२१ ते १८२५ या काळात, जर्मनीत हॅनोव्हर संस्थानाची अशीच त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. ती करत होते कार्ल फ्रीडरिश गाउस, जगातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक. १८२७ मध्ये गाउस यांनी वक्र पृष्ठभागांवरचा सिद्धांत मांडला. पृष्ठभागाबाहेर न जाता, फक्त त्यावरची अंतरं मोजून त्याची वक्रता ओळखता येते, हा त्याचा गाभा. १८५४ मध्ये त्यांचे विद्यार्थी रीमान यांनी ही कल्पना पृष्ठभागापुरती न ठेवता कितीही मितींच्या अवकाशाला लागू केली. तेव्हा तिचा व्यवहारात काही उपयोग दिसत नव्हता.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडायला नेमकं हेच गणित लागलं. ते ६० वर्षं आधीच तयार होतं!

या सिद्धांताशी मराठी माणसांचंही जुनं नातं आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील, यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षतेवर संशोधन केलं आणि विद्यार्थी घडवले. विभाग होता गणिताचा आणि विषय गुरुत्वाकर्षणाचा. दोन्हींमधली भिंत किती पातळ आहे बघा.

आणि आज? जीपीएस उपग्रहातलं घड्याळ सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती केलीच नाही, तर एका दिवसात अंतराचा हिशोब १० किलोमीटरहून जास्त चुकू शकतो. हिंगणघाटला उतरायचं आणि फोन दाखवेल भलतंच गाव.

मग नातं नेमकं काय?

गणित सांगतं, 'हे खरं धरलंत, तर ते खरं असणारच.' त्यात शंकेला जागा नाही. पण 'हे' खरं आहे का, ते गणित सांगू शकत नाही. ते मोजूनच कळतं. म्हणून न्यूटनचा हिशोब बिनचूक असूनही पृथ्वी त्याच्या आकड्यात बसली नाही.

याउलट नुसती मोजणीही मुकी असते. प्रॅट यांनी १५.८८५ हा आकडा काढला नसता, तर ५.२३६ हा फक्त वाटून टाकायचा किरकोळ फरक राहिला असता. किती यायला हवं होतं हे गणिताने सांगितलं, म्हणून काहीतरी दडलंय हे कळलं.

नवं ज्ञान बहुतेकदा या दोन आकड्यांमधल्या फटीत असतं. प्रॅक्टिकलच्या वहीत उत्तर जुळत नाही म्हणून आपण शेजारच्याचं रीडिंग उतरवतो किंवा आकडा 'अ‍ॅडजस्ट' करतो, तेव्हा आपण नेमकी हीच फट बुजवत असतो. मार्क मिळतात, प्रश्न मरतो.

घरी करून पाहा

लॅम्ब्टन यांची ताऱ्यांची पद्धत तुम्ही गच्चीवर वापरू शकता. कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खोडरबर लटकवा. गोल बाजू खाली ठेवा आणि सरळ कडेवरून ध्रुवताऱ्याकडे नेम धरा. दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकेल, तितका साधारण तुमच्या गावाचा अक्षांश. वर्ध्यात तो २०.७ च्या आसपास यायला हवा, नागपुरात २१.१, पुण्यात १८.५.

एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पडेल. तो खोडू नका. वहीत लिहून ठेवा आणि का पडला ते शोधा. हात हलला, दोरा वाऱ्याने सरकला, की ध्रुवतारा बरोबर ध्रुवावर नाहीये? (नाहीये! तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे.)

हिमालयाला मात्र दोष देऊ नका. वर्ध्यातला दोराही तो ओढतोच, पण ते कळायला लॅम्ब्टन यांच्यासारखी यंत्रं लागतात आणि तेवढाच धीरही.